अवघड दिवे घाट नाही, अवघड स्टेशनचा पूल

मला सगळे एकच विचारतात, तुला स्नायूंचा आजार आहे ना, मग वारी कशी काय केलीस? त्याला माझं उत्तर असं की वारी जमते हो, जमत नाही तो स्टेशनवरचा पूल. गाडी दोन नंबरऐवजी चार नंबरला येतेय अशी अनाउन्समेंट झाली की अख्खं पब्लिक जिन्याकडे धावतं, आणि मी धावले की विसाव्या पायरीच्या आत मांड्या अशा आखडतात की पाय उचलायचा कसा तेच कळेनासं होतं, मागून कोणीतरी "ओ मॅडम, चला की" करत ढकलतं. तीच मी यंदा आळंदीहून जेजुरीपर्यंत पायी गेले. मधला दिवे घाट धरून.

आजाराचं नाव मॅकार्डल. १९५१ साली ब्रायन मॅकार्डल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी पहिल्यांदा नोंदवला म्हणून त्यांचं नाव. आपल्या स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो, एकदम जोर लावायची वेळ आली की तो फुटून वापरला जातो आणि तो फोडायचं काम मायोफॉस्फोरिलेज नावाचं एन्झाइम करतं. ते माझ्या स्नायूंत नाही, बस. आईबाबा दोघांकडून एकेक खराब जीन आलं, त्या दोघांना स्वतःला काही त्रास नाही. बाहेरून बघाल तर मी धडधाकट दिसते, आणि खरी पंचाईत तीच आहे, कारण धडधाकट दिसणारी बाई जिन्यात थांबली की लोकांना ती आळशीच वाटते.

लहानपणापासून हेच ऐकलंय. शाळेत एकदा उठाबशांची शिक्षा झाली, दुसऱ्या दिवशी पाय सरळ होईनात आणि लघवी थम्सअपच्या रंगाची. घरी सगळे म्हणाले ऊन लागलं असेल, सब्जाचं पाणी दिलं. आता माहितीये की ते स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन नावाचं लाल प्रथिन लघवीवाटे जात होतं आणि त्याने किडनी बंद पडू शकते! मोठेपणी लोकलमध्ये वरची कडी धरून उभं राहिलं की दंड आखडायचा, आमच्या चढावरच्या चाळीत पाण्याच्या कळश्या वर नेताना बोटं उघडायची नाहीत. डॉक्टरही किती झाले, कोणी बी-१२ दिलं, कोणी टेन्शन घेऊ नका म्हणालं. शेवटी एका डॉक्टरांनी रक्तातलं सीके बघितलं, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं ते एन्झाइम. ते साधारण २०० च्या आत असायला हवं, माझं काही न करता हजारांत होतं. मग जीन टेस्ट, आणि एकदाचं नाव कळलं.

पण या आजारात एक गंमत आहे आणि सगळी वारी मी त्या गमतीवरच केली. पहिली आठ-दहा मिनिटं अगदी हळू चाललं, दुखायला लागलं की थांबलं, परत चाललं, असं केलं की तोपर्यंत रक्तातून साखर आणि चरबी स्नायूंपर्यंत पोचायला लागते आणि एकदम पाय हलके होतात. डॉक्टर त्याला सेकंड विंड म्हणतात. घड्याळात तर स्पष्ट दिसतं, तोच वेग, तोच रस्ता, पण १४० ला गेलेली नाडी आपोआप ११५-१२० वर येते. त्यानंतर बेताच्या वेगाने मी तासन् तास चालू शकते. म्हणजे मला अंतर नडत नाही, सुरुवात नडते. आणि मुंबईत, तुम्हीच सांगा, सुरुवात हळू करायला कोण देतं? पूल, रिक्षाची लाइन, लिफ्ट बंद असलेलं ऑफिस, सगळं पहिल्या दहा मिनिटांतच येतं.

तयारी मी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात केली, रविवारी सकाळी गेटपासून कान्हेरीपर्यंत. आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरापर्यंत चालत जायचा नेम आधीपासूनच होता. मामा माळकरी, दरवर्षी वारीला जातात, त्यांच्या दिंडीत मला घेतलं. दिंडीप्रमुखांना मी आधीच सांगितलं की मला ढकलायचं नाही आणि ओढायचंही नाही, मी मागे राहिले तरी काळजी करू नका. ते म्हणाले, "ताई, माउलींच्या वाटेवर मागं कोण राहतंय, मागनं अजून लाखभर लोक येत असतात." हे इतकं खरं निघालं की काय सांगू.

दादरच्या फ्लेक्सवाल्याकडून एक छोटा बोर्ड करून घेतला होता, पाठीवरच्या सॅकला लावायला. "मला मॅकार्डल आहे. स्नायूंचा आजार. हळू चालते. काय ते विचारा." जडशीळ काही घ्यायचं नाही म्हणून बाकी सामान दिंडीच्या ट्रकमध्ये, सॅकमध्ये फक्त पाणी, छत्री आणि राजगिऱ्याचे लाडू.

आळंदी ते पुणे ठीक झालं. पुण्यात पालखीचा दोन रात्री मुक्काम असतो, तो माझ्या स्नायूंना वरदानच. पुढचा पुणे-सासवड टप्पा सगळ्यात लांब, तीस किलोमीटरच्या पुढे, आणि त्यातच घाट. त्या दिवशी एकादशी. लोकांना वाटतं एवढं चालायचं आणि उपास, पण माझ्यासाठी उपासाचं खाणं म्हणजे औषधच की! साबुदाणा, केळी, रताळं, लाडू. चढाच्या थोडं आधी गोड खाल्लं तर रक्तात साखर तयार असते आणि सुरुवात सोपी जाते. रस्त्यात इतके लोक राजगिऱ्याचे लाडू वाटत होते की माझे पिशवीतले तसेच राहिले.

हडपसर सोडून वडकीपर्यंत रस्ता सपाट, तिथवर पाय मस्त चालत होते. पण वडकीला विसावा. सगळे ताडपत्र्या टाकून आडवे. आणि जास्त वेळ बसलं की माझी सेकंड विंड जाते, परत सगळं पहिल्यापासून, आणि ते जर चढावर सुरू झालं तर कल्याणच. म्हणून दिंडी उठायच्या बारा-पंधरा मिनिटं आधी मी उठले आणि तिथल्याच मोकळ्या जागेत गोल गोल फिरायला लागले, इकडून तिकडे, तिकडून इकडे. चार जणांनी विचारलं, "हरवलात का माउली? कुठली दिंडी?" एकाने तर मला हाताला धरून पोलिसांच्या मदत केंद्राकडे न्यायला घेतलं होतं.

घाट लागला तेव्हा नाडी खाली आलेली होती. आणि घाटात गर्दी एवढी की कोणालाच वेगात चालता येत नाही, दोन पावलं टाका, थांबा, टाळ, परत दोन पावलं. आख्ख्या महाराष्ट्रात माझ्या पायांना याहून चांगला चढ मिळणार नाही. माउलींच्या रथालासुद्धा तिथे जादा बैलजोड्या लावतात, मग मी चार ठिकाणी कठड्याला टेकले तर काय बिघडलं. एका वळणावर डावी मांडी आखडायला लागली, हात लावून बघितलं तर गोळा घट्ट. अशा वेळी जिद्द वगैरे दाखवायची नसते, दुखण्यातून रेटलं की स्नायू फुटतो. उभी राहिले, नाडी ११० च्या खाली येऊ दिली, खाली मस्तानी तलाव बघितला, आणि मग निघाले.

तिथेच डोक्यावर तुळस घेतलेल्या एक आजी थांबल्या, परभणीकडच्या. "काय लिव्हलंय माय पाठीवर?" मी एन्झाइम, साखर असं काहीतरी सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी कणगी भरल्याली हाय, पर तोंडच न्हाई." इतकी वर्षं मी नातेवाइकांना हे समजावतेय! त्यानंतर वाटेत जो विचारेल त्याला मी कणगीच सांगितली.

सासवडला मुक्कामी एक बाई शोधत आल्या, कोणीतरी त्यांना बोर्डबद्दल सांगितलं होतं. मुलगा कबड्डी खेळतो, पहिल्या काही मिनिटांत पाय धरतात मग बरा होतो, आणि एकदा लघवी काळपट झाली होती. आता हे मॅकार्डलच असेल असं मी कशी म्हणणार, दुसरंही असू शकतं. मी त्यांना चिठ्ठीवर लिहून दिलं, सीके तपासा, न्यूरोलॉजिस्टना दाखवा, आणि लघवीचा रंग परत तसा झाला तर घरी पाणी पाजत बसू नका, थेट हॉस्पिटलमध्ये न्या. मुलगा बाजूला मोबाइल बघत उभा होता, त्याला काही पडलेली नव्हती. आईने मात्र चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली.

जेजुरीला भंडाऱ्याने सगळे पिवळे. गडाच्या पायऱ्या बघितल्या आणि खंडोबाला खालूनच हात जोडले, पायऱ्यांचं आणि माझं जमत नाही. तिथून एसटीने परत, रजा संपली होती.

पुढच्या वर्षी साहेबांनी रजा दिली तर नीरेपर्यंत जायचं, पादुकांचं स्नान बघायचंय. बोर्ड मात्र नवीन करणार, अक्षरं दुप्पट मोठी. यंदाची एवढी बारीक होती की मागून येणारे म्हातारे वारकरी मला थांबवून, चष्मा काढून, पुसून, सावकाश वाचायचे, आणि तोपर्यंत माझी सेकंड विंड गेलेली असायची.