उपवास-प्रार्थना आणि एक पुरसीस

लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातला, शनिवार होता. पुण्याच्या पूर्व भागातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच उपवास-प्रार्थना ठेवली होती, विषय एकच: मंडळीचं संजीवन, म्हणजे तिची आत्मिक जागृती. बाहेरचा वक्ता बोलावला नव्हता. की-बोर्ड आणि साउंड सिस्टिम बंद. फक्त पेटी आणि टाळ.

मंडळीची अवस्था कुणापासून लपलेली नव्हती. पंचांच्या, म्हणजे विश्वस्तांच्या, निवडणुकीवरून दोन गट पडले होते. नव्या पंचांची नोंद व्हावी म्हणून दिलेला बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होता आणि त्यावर जुन्या गटाची हरकत. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि प्याला वाटून घेण्याच्या विधीला, दोन्हीकडचे लोक येत, पण एका बाकावर बसत नसत. अशा मंडळीत ‘प्रभू, तुझा आत्मा ओत’ अशी प्रार्थना वर्षानुवर्षं होते आणि काही घडत नाही, यात मला काही गूढ वाटत नाही. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशूने क्रम घालून दिला आहे: दान वेदीपुढे राहू दे, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये.

पुण्याकडच्या ख्रिस्ती माणसाला संजीवन म्हटलं की केडगाव आठवतं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जूनअखेर मुली रडून पापं कबूल करू लागल्या, सगळ्या एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. ते दृश्य आपण भक्तिभावाने सांगतो आणि तसंच घडावं म्हणून माइकचा आवाज वाढवतो. पण त्याच जानेवारीत रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी हाक दिली तेव्हा सुमारे ७० जणी पुढे आल्या होत्या; जूनपर्यंत त्या ५५० झाल्या आणि दिवसातून दोनदा जमू लागल्या. मधले हे महिने आपल्या सांगण्यातून गळतात. मला तेच महिने महत्त्वाचे वाटतात.

म्हणून राखेच्या बुधवारपासून, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापासून, आम्ही घोरपडी, वानवडी, हडपसर असे भागवार घरगुती गट केले होते, सहा ते आठ जणांचे, आणि प्रत्येकात दोन्ही बाजूंची माणसं मुद्दाम घातली होती. नियम एवढाच की दुसऱ्या बाजूच्या एका माणसाचं नाव घेऊन त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करायची, त्याच्या सुधारण्यासाठी नव्हे. पहिल्या आठवड्यात लोक अडखळले. पुढे जमू लागलं.

उपवासाबद्दल आधीच स्पष्ट सांगावं लागतं. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी जेवूनच यायचं. बाकीच्यांसाठी पाणी आणि मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी दिवसभर मोकळं. पुण्यातल्या मार्चच्या दुपारी रिकाम्या पोटी माणूस कोसळला की काहींना तो आत्म्याचा स्पर्श वाटतो. आधी त्याला आडवं करावं, साखर तपासावी, गरज पडली तर डॉक्टर गाठावा.

सकाळी नहेम्या ९, यशया ५८ आणि स्तोत्र ५१ सावकाश वाचलं, एका शब्दाचंही भाष्य न करता. मग अर्धा तास शांतता. ही शांतता फार लवकर मोडते. सात-आठ मिनिटांत कुणीतरी गीत सुरू करतं, कारण गप्प बसलं की मनातलं वर येऊ लागतं. त्यासाठी मंडळीच्या एका वडिलांना (एल्डरना) दाराशी उभं केलं होतं. ते हळूच खांद्यावर हात ठेवत. पुढे मोठ्याने प्रार्थना: एका वेळी एक विषय, एक मिनिट. ही मर्यादा नसेल तर प्रार्थनेतून टोमणे मारले जातात. ‘प्रभू, खुर्चीचा लोभ असणाऱ्यांना क्षमा कर’ हे प्रभूला सांगितलेलं नसतं, ते पलीकडच्या बाकाला सांगितलेलं असतं. तिथे पाळकाने, म्हणजे पास्टरने, थांबवलंच पाहिजे.

पापकबुलीचे नियम मी तीनदा सांगितले. पाप जेवढ्यांविरुद्ध झालं, कबुली तेवढ्यांपुढेच. एकाविरुद्धचं त्या एकाजवळ, मंडळीविरुद्धचं मंडळीपुढे. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. बायकांशी बोलायला बायकाच. मोबाइल बाहेरच्या टेबलावर, कारण कुणाचे अश्रू दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरले तर पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही. आणि लहान मुलाशी दुष्कर्म झाल्याचं पुढे आलं तर ते प्रार्थनेने मिटवायचं नाही. पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

दुपारी साडेबाराच्या सुमारास जुन्या गटातले, हरकतीवर ज्यांची सही होती ते काका उठले. ‘कुणाचं मन दुखावलं असेल तर’ असं नेहमीचं ते बोलले नाहीत. म्हणाले, ‘सभेची नोटीस मला मिळाली होती. मिळाली नाही असं मी लिहून दिलंय. ते खोटं आहे.’ आणि खाली बसले.

कुणी हललं नाही. मग नव्या पंचांचे सेक्रेटरी उभे राहिले. ‘काका, वर्गणी थकली म्हणून आम्ही तुमच्याकडची नावं मतदार यादीतून काढली. आमच्याकडच्यांचीही थकली होती. ती तशीच ठेवली.’

मागून कुणीतरी हालेलुया म्हटलं, टाळ वाजू लागले. मी हात वर करून थांबवलं. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने येशूपुढे नुसता आनंद केला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट, असा आकडा सांगितला. आम्हीही तिथेच वही काढली. हरकत मागे घेतल्याची पुरसीस, म्हणजे कार्यालयात द्यायचं लेखी निवेदन, कोण आणि कधी देणार, खोट्या निवेदनाबद्दल काका स्वतःच्या वकिलांना काय सांगणार, मतदार यादी कुठल्या तारखेपर्यंत दुरुस्त होणार, नवी सभा केव्हा. नव्या निवडणुकीनंतर बदल अर्ज ९० दिवसांच्या आत द्यावा लागतो, हेही लिहिलं. दोघांनी सह्या केल्या. नंतर स्तोत्र ३२ वाचलं आणि तेव्हा गायलो, मनापासून गायलो. कित्येकांना रडू आवरत नव्हतं, मलाही.

चार वाजता प्रभुभोजन झालं. भाकर काकांच्या हातून वाटली गेली, प्याला सेक्रेटरींच्या.

पुरसीस दाखल झाली. सगळं मिटलं असं मात्र नाही. वगळलेल्यांपैकी दोन कुटुंबं अजून उपासनेला येत नाहीत, आणि त्यांचा राग मला समजतो. त्यांचा हक्क गेला तेव्हा मंडळी गप्प होती. त्यांच्याकडे आता जोडीने जातो, प्रत्येक जोडीत दोन्ही बाजूंचा एकेक. आधी माफी मागायची, चहा दिला तर घ्यायचा, परत या असा आग्रह पहिल्या भेटीत करायचा नाही. घरगुती गट ईस्टरनंतरही चालू ठेवले आहेत, दर बुधवारी संध्याकाळी.