नोट्सचं ॲप : पुढच्या सेमआधीची स्थिती

आज घडीला मांडणी अशी आहे. टाइप केलेल्या नोट्स ऑब्सिडियन या ॲपमध्ये. गणितं, आकृत्या, रासायनिक रचना कागदी वहीत आणि तिचं रोज स्कॅन. वननोट फक्त ग्रुप प्रोजेक्टपुरतं. एव्हरनोट बाद, कारण डिसेंबर २०२३ पासून फुकट खात्यात ५० नोट्स आणि एकच नोटबुक मिळतं. एवढ्यात एक सेमसुद्धा निघत नाही.

निवडताना फीचर्सची यादी बाजूला ठेवली. पहिला प्रश्न एकच : यातला माल उद्या बाहेर कसा काढायचा? दुसरा : नेट नसताना उघडतं का? सांगलीच्या विश्रामबागेतून तासगाव किंवा पलूसला एसटीने जाणाऱ्याचा अभ्यास त्या तासाभरात होतो आणि रेंज मध्येच जाते. दिवसाचा डेटा पॅक संपलेला असतो ते वेगळंच.

नोशन दिसायला देखणं. कॉलेजच्या मेल आयडीवर प्लस प्लॅनही फुकट मिळतो. पण प्लस नसलेल्या साध्या फुकट खात्यात एका फाइलला ५ एमबीची मर्यादा आहे, आणि ऑफलाइन हवं असलेलं पान आधी आठवणीने टिक करून ठेवावं लागतं. कॉलेजचा मेल आयडी डिग्रीनंतर बंद होतो हेही ध्यानात घ्या. वननोटची वही कॉलेजच्या खात्यावर उघडली असेल तर तीच गत. शेवटच्या सेमच्या परीक्षेआधीच ती स्वतःच्या खात्यात हलवा, निकालानंतर नाही. वननोटचं एक मात्र चांगलं, खोडलेलं पान वहीच्या रिसायकल बिनमध्ये ६० दिवस राहतं.

साठ्याचा हिशोबही आधी करावा. फळ्याचे दिवसाला २० फोटो, एकेक ४ एमबीचा, म्हणजे ८० एमबी. वनड्राइव्हचे फुकटचे ५ जीबी साठेक दिवसांत भरतात. गूगलचे १५ जीबी जास्त वाटतात, पण त्यात जीमेल आणि फोटोही आले.

ऑब्सिडियनची जुळणी

वैयक्तिक वापराला फुकट, खातं काढावं लागत नाही, आणि प्रत्येक नोट ही साध्या टेक्स्टची फाइल. ॲप उद्या बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडेल. पहिल्याच दिवशी तीन गोष्टी बदला :

१. अँड्रॉइडवर व्हॉल्ट (नोट्सचा मुख्य फोल्डर) बनवताना जागा ‘डिव्हाइस स्टोरेज’ निवडा. ‘ॲप स्टोरेज’ निवडलंत तर बाहेरच्या सिंक ॲपला तो फोल्डर दिसत नाही, आणि ॲप काढलं की नोट्सही गेल्या.

२. सेटिंग्ज, फाइल्स अँड लिंक्स, तिथे ‘यूज विकीलिंक्स’ बंद. म्हणजे दुव्यांची रचना साध्या मार्कडाउनची (टेक्स्टमध्येच खुणा करून लिहायची पद्धत) राहते आणि दुसऱ्या ॲपमध्येही ते चालतात. हे सेमच्या मध्यावर बदललं तर जुने दुवे आपोआप बदलत नाहीत.

३. त्याच पानावर अटॅचमेंटची जागा चालू फोल्डरखालचा सबफोल्डर करा. नाहीतर सगळे फोटो व्हॉल्टच्या तोंडाशी ढिगाने पडतात.

फाइल रिकव्हरी हे प्लगइन (ॲपमधली जोड-सोय) आधीच चालू असतं. दर ५ मिनिटांनी प्रत काढतं आणि ७ दिवस ठेवतं. सत्रात हे ७ दिवस कमी पडतात, ३० करा.

सिंक पैसे न देता करायचं तर लॅपटॉप-फोनमध्ये सिंकथिंग हे फुकटचं ॲप. अँड्रॉइडचं मूळ ॲप २०२४ अखेर थांबलं, सध्या त्याचं फोर्क (त्याच कोडवरून इतरांनी चालवलेली आवृत्ती) वापरावं लागतं. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्याला ‘निर्बंध नाही’ दिलं नाही तर पडदा बंद होताच सिंक झोपतं. मग तीच नोट दोन्हीकडे बदलली जाते आणि नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असलेली दुसरी फाइल उगवते. ती लगेच खोडू नका, आधी दोन्ही उघडून जुळवा. एकाच फोल्डरवर दोन सिंक चालवायचे नाहीत, सिंकथिंग आणि वनड्राइव्ह एकत्र तर नाहीच. वनड्राइव्हच ठेवायचं असेल तर फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. त्याशिवाय फाइल नुसती नावाला दिसते, आतला मजकूर क्लाउडवरच असतो.

एवढा खटाटोप नको असेल तर जॉप्लिन हे दुसरं नोट्सचं ॲप घ्या. नोट्स त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतात, पण एक्स्पोर्टला मार्कडाउन मिळतं, आणि ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हवर फुकट सिंक होतं. फोनवरच सगळं करणाऱ्याला आम्ही हेच सुचवतो.

मराठी नोट्सची खास दुखणी

इंग्रजी माध्यमवाल्यांना यातलं काही भोगावं लागत नाही. बीए-बीकॉमच्या मराठी नोट्स घेणाऱ्यांनी मात्र हा भाग सोडू नये.

पहिलं दुखणं शोधाचं. ‘ॲसिड’मधला ॲ दोन तऱ्हांनी टाइप होतो : एकच अक्षर म्हणून (ॲ), किंवा अ लिहून त्यावर चंद्र देऊन (अॅ). पडद्यावर दोन्ही बहुधा सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी वेगळे, त्यामुळे एकाने शोधलं की दुसऱ्यात लिहिलेली नोट सापडत नाही. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’मधल्या अर्ध्या र चंही तेच. फोनच्या आणि लॅपटॉपच्या कीबोर्डवरून ‘दुसऱ्या’ एकेकदा टाइप करा आणि शोधून बघा, दोन मिनिटांत कळेल. फाइल्स साध्या टेक्स्टच्या असल्या की उपाय सोपा : बॅकअप घ्या, अख्खा फोल्डर व्हीएस कोड या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि कंट्रोल-शिफ्ट-एचने सगळीकडे एकदम बदला. नोशन-वननोटमध्ये पान पान फिरावं लागतं.

दुसरं, फाइलचं नाव. अँड्रॉइडवर नाव २५५ बाइटपर्यंतच चालतं. देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना-मात्राही चिन्हातच मोजायचे. म्हणजे एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचं .md) धरून साधारण ८५ चिन्हं. विंडोजवर मात्र २५५ चिन्हं बसतात. लॅपटॉपवर अख्खा प्रश्नच शीर्षक केला तर फोनवर ती फाइल उतरतच नाही. उलट बाजूनं, विंडोजला नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखा कोलन आणि तारांकन (*) चालत नाहीत. नाव छोटं ठेवा, प्रश्न आत लिहा.

तिसरं, जुन्या नोट्स. सीनियरकडून किंवा झेरॉक्सच्या दुकानातून आलेली पीडीएफ श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये असते. वाचता येते, पण कॉपी केली की कचरा येतो, कारण आत युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची सांकेतिक पद्धत) नाहीच. त्या पानांची जेपीजी चित्रं करा, प्रत्येक २ एमबीच्या आत. गूगल ड्राइव्हवर चढवा, राइट क्लिक, ‘ओपन विथ’, गूगल डॉक्स. छापील मराठी चांगलं ओळखतं. दोन रकान्यांचं पान असेल तर आधी मधोमध कापा, नाहीतर ओळी एकमेकींत घुसतात.

वही आणि स्कॅन

दोनशे रुपयांच्या रबरी टोकाच्या स्टायलसवर पैसे घालू नका. पडद्याला ते बोटच वाटतं, तळहात टेकला की रेघोट्या. पेन हवं तर टॅबमध्येच डिजिटायझर (पेन ओळखणारा पडद्यातला थर) पाहिजे, आणि ते बजेट वेगळं. सॅमसंग नोट्स वापरणाऱ्यांनी प्रत्येक युनिट संपलं की पीडीएफ काढावी, त्याची मूळ फाइल दुसरीकडे उघडायची सोय नाही.

स्कॅनला गूगल ड्राइव्हचं स्कॅनर पुरतं. ट्यूबलाइटखाली फोनची सावली पानावर पडते, खिडकीशी आडवं बसून घ्या. काळा-पांढरा फिल्टर निळ्या बॉलपेनला उत्तम, पण पेन्सिलच्या आकृत्या उडवतो. तिथे रंगीतच ठेवा. पानाच्या कोपऱ्यात विषय, युनिट आणि पान क्रमांक आधीच लिहा. पीडीएफ व्हॉल्टमध्ये टाकल्यावर नोटमध्ये तिच्याखाली तीन-चार ओळी टाइप करा : संज्ञा, सूत्राचं नाव, पान. हस्ताक्षरातलं मराठी शोधात भरवशाने येत नाही, या ओळी येतात.

बॅकअपबद्दल सांगलीकरांना वेगळं काय सांगायचं? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर होती, धोक्याची पातळी ४५. लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह तळमजल्याच्या एकाच कपाटात असतील तर ती एकच प्रत समजा. दर रविवारी व्हॉल्टची झिप गूगल ड्राइव्हवर जाते. फोटो आटोक्यात असले तर ती हलकीच राहते.

अडलेलं

एका नोटवर चौघांनी एकाच वेळी लिहिणं ऑब्सिडियनमध्ये जमत नाही, म्हणून वननोट अजून काढता आलं नाही. अँकी या उजळणीच्या ॲपची प्रश्नोत्तर-कार्डं नोट्समधून थेट बनवायचंही चालू आहे. सध्या एक्सेलमध्ये दोन रकाने, प्रश्न आणि उत्तर, आणि अँकीत इम्पोर्ट. सेव्ह करताना साधं सीएसव्ही निवडलं तर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा.