अबू सिंबेल आणि आमचा मारुती

इजिप्तला जातेय म्हटल्यावर प्रत्येकाने एकच विचारलं, "पिरॅमिड बघणार ना?" बघेन की, वाटेतच आहेत. पण माझा जीव अडकलाय तो अबू सिंबेलच्या मंदिरात. कैरोहून आस्वानपर्यंत विमान, आणि तिथून वाळवंटातून जवळजवळ २८० किलोमीटर गाडीने. भुसावळहून नाशिक ओलांडून जरा पुढे गेल्यासारखंच, फक्त मधे धुळ्याची शेवभाजी नाही.

दुसऱ्या रामसेस राजाने सव्वातीन हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरून हे मंदिर केलं. नाईलवर आस्वानचं मोठं धरण व्हायला लागलं तेव्हा ते पाण्याखाली जाणार होतं. मग युनेस्कोच्या पुढाकाराने १९६४ ते १९६८ मध्ये ते करवतींनी कापलं. हजाराच्या वर तुकडे, एकेक सरासरी २० टनांचा. त्यांवर नंबर टाकून ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे नेऊन पुन्हा जोडलं. दाराशी राजाचे चार बसलेले पुतळे आहेत, २०-२० मीटर उंच. त्यातल्या एकाचं डोकं नि धड जुन्या काळी भूकंपात खाली आलेलं. एवढा खटाटोप चाललाच होता, तर तेही वर बसवून टाकता आलं असतं. नाही बसवलं. पडलं होतं तसंच, नव्या जागीही त्याच्या पायाशी ठेवलं. हे वाचलं त्या दिवशी मी एफडी मोडायचं ठरवलं.

कारण आमचंही गाव धरणात गेलंय. हतनूरच्या फुगवट्यात. मी पाचवीत होते. घरांची कौलं-सऱ्या काढून झाल्या, शेवटी मारुती उचलायचा ठरला. बैलगाडीत कडबा अंथरून त्याला आडवा केला तर शेंदराचं कवच तडकलं आणि पापुद्र्यासारखं सुटलं. आतून निघाला हातभर उंचीचा साधा काळा दगड. नाक-डोळे असे काहीच नाहीत. आजी म्हणाली, "पाहू नका रे पोरांनो, देव उघडा आहे." आम्ही पाहिलाच. नव्या गावठाणात त्याचं तोंडही बदललं. आधी दक्षिणेकडे होतं, आता रस्त्याकडे आहे.

रामसेसलाही थोडा असाच फटका बसलाय म्हणतात. वर्षातून दोनदा उगवतीचं ऊन थेट ६० मीटर आत गाभाऱ्यात जातं, तिथल्या चार मूर्तींपैकी तिघांवर पडतं, आणि प्ताह नावाचा पाताळाशी नातं असलेला देव तेवढा अंधारातच राहतो. मंदिर हलवल्यावर ही तारीख एका दिवसाने पुढे सरकली. आता २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर. ऑक्टोबरात आमच्याकडे केळीच्या कांदेबागेची लागवड असते, तेव्हा आमचे हे शेत सोडून हलणार नाहीत. म्हणून फेब्रुवारी. त्या दिवशी गर्दी मरणाची असते आणि खेळ वीसेक मिनिटांचा, त्यामुळे आदल्या रात्री तिथेच मुक्काम करायचा.

एक गोष्ट मात्र पुस्तकात दोन ओळींत उरकलेली होती. त्याच धरणापायी इजिप्तमधल्या सुमारे ५० हजार नुबियन लोकांना गावं सोडावी लागली. त्यांना आस्वानच्या उत्तरेला, कोम ओम्बोच्या आसपास नेऊन वसवलं. कोम ओम्बोला मगरीच्या देवाचं मंदिर आहे, ते आमच्या सहलीत आहेच. मी टूरवाल्याला फोन केला. म्हटलं, तिथं गाडी थांबणारच आहे, तर मंदिरातला अर्धा तास कमी करा आणि त्या वसवलेल्या गावांपैकी एखाद्यात न्या.

"ताई, तिथं बघण्यासारखं काही नाही हो," तो म्हणाला.

"आमच्या नव्या गावठाणातही नाही," मी म्हटलं. "तरी न्या."