गो १.२२ : लूपचा अर्थ बदलताना

गो या प्रोग्रामिंग भाषेची १.२२ ही आवृत्ती ६ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्यातील फॉर-लूपबाबतच्या एका बदलामुळे जुन्या प्रोग्रामच्या कोडमधील एक अक्षरही न बदलता त्याचे वर्तन बदलू शकते. मार्च २०१२ मध्ये गो १ प्रसिद्ध झाली तेव्हा ‘आज चालणारा कोड पुढेही चालत राहील’ असे आश्वासन देण्यात आले होते, आणि त्या आश्वासनाला बाधा न आणता हा बदल कसा साधला, हे मला मूळ बदलाइतकेच महत्त्वाचे वाटते.

आधी अडचण काय होती ते पाहू. फॉर-लूपचे, म्हणजे तेच काम फेऱ्याफेऱ्यांनी करणाऱ्या रचनेचे, व्हेरिएबल संपूर्ण लूपसाठी एकदाच तयार होत असे आणि दर फेरीला त्याच जागी नवी किंमत लिहिली जाई. फेरीचे काम फेरीतच संपत असेल तर याने काही बिघडत नाही. परंतु आत गोरूटीन (समांतर चालणारे काम) सुरू केले, क्लोजरने (बाहेरचे व्हेरिएबल वापरणाऱ्या फंक्शनने) ते व्हेरिएबल धरून ठेवले, किंवा त्याचा मेमरीतील पत्ता पॉइंटरमध्ये साठवला, की सगळ्यांच्या हाती एकच डबा येतो आणि तो उघडून पाहीपर्यंत त्यात बहुधा शेवटची किंमत पडलेली असते. काही वर्षांपूर्वी मी रात्री चालणारे एक काम लिहिले होते, ज्यात यादीतील प्रत्येक ग्राहकाचा अहवाल स्वतंत्र गोरूटीनमध्ये तयार व्हायचा. सकाळी पाहतो तर शेवटच्या ग्राहकाचेच अहवाल ढिगाने तयार झालेले आणि बाकीच्यांचा पत्ता नाही. टेस्ट पास झाली होती, कारण टेस्टच्या यादीत मी एकच ग्राहक ठेवला होता.

अशा चुका नवशिक्यांपुरत्या मर्यादित नव्हत्या. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या वेबसाइटना सुरक्षा-प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला आढळले की, एका प्रमाणपत्रात अनेक डोमेन असतील आणि त्यांच्या सीएए नोंदी (त्या डोमेनसाठी प्रमाणपत्र कोणी द्यावे हे सांगणाऱ्या) पुन्हा तपासायच्या असतील, तर गोमध्ये लिहिलेली त्यांची प्रणाली प्रत्येक डोमेन तपासण्याऐवजी एकच डोमेन तितक्या वेळा तपासत होती. मुळाशी लूपच्या व्हेरिएबलचा जपून ठेवलेला पत्ता होता, आणि त्याचा फटका सुमारे ३० लाख प्रमाणपत्रांना बसला.

यावरचा रूढ उपाय म्हणजे लूपच्या आरंभी ‘एक्स := एक्स’ अशी ओळ लिहून त्या फेरीपुरती प्रत करून घेणे. ही ओळ इतकी निरर्थक दिसते की एखादा नीटनेटका सहकारी ती कधी पुसून टाकील याचा नेम नसे.

१.२२ पासून प्रत्येक फेरीला स्वतःचे व्हेरिएबल मिळते. यादीतील एकेक घटक घेणाऱ्या रेंज-लूपमध्ये हे सरळ आहे. आरंभ, अट आणि ‘आय++’सारखी वाढ अशा तीन भागांच्या फॉर-लूपमध्ये मात्र फेरी संपल्यावर आणि ‘आय++’ चालण्यापूर्वी जुन्या व्हेरिएबलची किंमत नव्यात उतरवली जाते, त्यामुळे फेरीच्या आत ‘आय’ बदलणारा कोडही पूर्वीसारखाच चालतो. सी-शार्प या भाषेने २०१२ मध्ये हाच बदल केला होता, पण तो फॉरईचपुरता, म्हणजे रेंजसारख्या लूपपुरता होता. गोने दोन्ही प्रकारच्या लूपना तो लागू केला.

आता आश्वासनाचा प्रश्न. नवा अर्थ कंपायलरच्या आवृत्तीवर ठरत नाही, मॉड्यूलच्या (एकत्र ठेवलेल्या कोडच्या संचाच्या) गो.मॉड या माहिती-फाइलमध्ये ‘गो १.२२’ किंवा त्यापुढची आवृत्ती लिहिलेली असेल, तरच तो लागू होतो. त्यामुळे एकाच प्रोग्राममध्ये आपले मॉड्यूल नव्या नियमाने आणि त्याने वापरलेली जुनी लायब्ररी जुन्या नियमाने कंपाइल होऊ शकते. याची पूर्वतयारी १.२१ मध्येच झाली होती. त्या आवृत्तीपासून गो.मॉडमधील ती ओळ किमान अट मानली जाते आणि जुने टूलचेन (कंपायलर व त्याची साधने) नवा कोड चुकीच्या अर्थाने मुकाट्याने कंपाइल करत नाही. मला हा सगळ्यात शहाणपणाचा भाग वाटतो, कारण आवृत्तीची ती ओळ आपण आजवर केवळ नोंद म्हणून पाहत होतो.

किंमत अगदी शून्य नाही. क्लोजरने धरलेले व्हेरिएबल हीपवर (फंक्शन संपल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत) जात असेल, तर पूर्वी एकदा होणारे मेमरीचे वाटप आता दर फेरीला होते. कोणते व्हेरिएबल हीपवर न्यायचे हे कंपायलर एस्केप ॲनालिसिसने ठरवतो, त्यामुळे साध्या लूपवर हा भार पडत नाही, पण अत्यंत वेगाने फिरणाऱ्या लूपचे प्रोफाइल, म्हणजे वेळ व मेमरीचे मोजमाप, एकदा तपासून पाहावे.

पूर्णांकावर थेट रेंज फिरवणे आणि एचटीटीपी राउटरमध्ये (वेब-विनंती योग्य फंक्शनकडे पाठवणाऱ्या भागात) मेथड व वाइल्डकार्ड लिहिणे, या इतर सोयीही उपयोगी आहेत. दुसऱ्या सोयीमुळे माझ्या एका छोट्या सेवेतील बाहेरची राउटर लायब्ररी काढता आली.

त्याच सेवेच्या गो.मॉडमध्ये मी १.२२ लिहिले आणि टेस्ट चालवल्या, तेव्हा दोन उपटेस्ट नापास झाल्या. दोन्ही पॅरलल, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या, होत्या. पॅरलल उपटेस्ट बाहेरचे फंक्शन संपेपर्यंत थांबून राहतात, म्हणजे तोवर लूप पुरा झालेला असतो आणि जुन्या नियमाने त्या सगळ्या, टेस्टसाठी दिलेल्या माहितीच्या तक्त्यातील शेवटचीच ओळ तपासत होत्या. नापास झालेल्या दोन्ही ओळींत अपेक्षित उत्तर मीच चुकीचे लिहिले होते, आणि ते तिथे पहिल्या दिवसापासून होते.