तुम्ही विचारलंत म्हणून: चौसष्ट ब्लॉकांचा तास

प्रश्न साधारण असा असतो: "माइनक्राफ्ट वर्गात वापरा म्हणतात, पण मुलं नुसती खेळत बसतात. मग शिकायचं कधी?" विचारणारे बहुतेक शिक्षक असतात, अधूनमधून एखादे पालक. शंका रास्त आहे. माइनक्राफ्ट हा घनाकार ठोकळे, म्हणजे ब्लॉक, रचत जाण्याचा संगणकावरचा खेळ. मोकळं मैदान आणि हवे तेवढे ब्लॉक दिले तर मुलं किल्ला बांधणार, त्याला खंदक खणणार आणि खंदकात एकमेकांना ढकलणार. त्यात वाईट काही नाही, पण तो खेळाचा तास झाला. गणिताचा तास हवा असेल तर ब्लॉक मोजून द्यायचे. बाकीच्या युक्त्या या एका गोष्टीच्या मागून येतात.

मोजून म्हणजे ६४. या खेळात सामानाच्या एका खणात एका जातीचे ६४ ब्लॉक मावतात, त्यामुळे वाटायला सोपं जातं: प्रत्येक जोडीला एक खण भरून द्यायचा. शिवाय ६४ हा आकडा गुणी आहे. तो वर्गही आहे, घनही आहे आणि दोनानं सहा वेळा भागला जातो. ब्लॉकची प्रत्येक कड एक मीटर धरलेली असते, म्हणून एककाचा घोळही होत नाही.

पहिलं काम: सगळे ६४ ब्लॉक वापरून भरीव इष्टिकाचिती बांधा, एकही उरता कामा नये. अशा किती वेगवेगळ्या होतात? सात होतात. ६४×१×१ ची लांबलचक काठी, ३२×२×१, १६×४×१, ८×८×१ ची फरशी, १६×२×२, ८×४×२ आणि ४×४×४ चा घन. सातही बांधून बघायची गरज नाही, वेळही पुरणार नाही. दोन बांधायच्या, उरलेल्या वहीत. मग विचारायचं, तळासकट सगळ्या बाजूंनी रंग द्यायचा तर किती चौरस रंगवावे लागतील? घनाला ९६, ८×४×२ ला ११२, फरशीला १६०, काठीला २५८. घनफळ तेच आणि पृष्ठफळ अडीच पटींहून जास्त. हे सूत्रात घालूनही कळतं, पण काठीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेल्यावर २५८ हा आकडा मोठा का, ते वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरं काम मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. त्याच ६४ ब्लॉकांत दोन ब्लॉक उंचीची चौरस भिंत उभी करा, छप्पर नको, आत जास्तीत जास्त जागा हवी. मुलं वहीत झरझर हिशेब करतात: दोन थर म्हणजे एका थराला ३२ ब्लॉक, परिमिती ३२, बाजू ८, क्षेत्रफळ ६४. मग बांधायला घेतात. बाजूला आठ ब्लॉक येतील अशी चौकट पुरी होते आणि आठ ब्लॉक हातात उरतात. आतली जागा मोजली तर ३६ भरते, ६४ नाही. गणित चुकलं म्हणावं तर सूत्र बरोबर आहे. बांधकाम चुकलं म्हणावं तर भिंत सरळ आहे.

इथे शिक्षकानं गप्प राहायचं असतं, आणि ते अवघड असतं. घोळ असा, की वहीतल्या रेषेला जाडी नसते आणि ब्लॉकला असते. कोपऱ्यातला ब्लॉक दोन बाजूंत मोजला जातो, म्हणून आठच्या चौकटीला ३२ नव्हे, २८ ब्लॉक लागतात. बाहेरून 'न' ब्लॉकांची चौकट असेल तर ब्लॉक ४×(न−१). ते ३२ हवे असतील तर न = ९, आणि आत ७×७ म्हणजे ४९ ब्लॉकांची जागा मिळते. उरलेले आठ ब्लॉकही बरोबर खपतात.

एवढ्यावर थांबू नका. कोणीतरी विचारतंच, की कोपरे ठेवलेच नाहीत तर? हे करून बघण्यासारखं आहे. चार बाजूंना आठ-आठ ब्लॉक, चारही कोपरे मोकळे. कोपऱ्यापाशी दोन ब्लॉकांच्या कडा एकमेकींना टेकतात, फट राहत नाही, आतून बाहेर जाता येत नाही. आतली जागा? ८×८, म्हणजे ६४. वहीतलं उत्तर जसंच्या तसं. चौकटीच्या आतल्या कडेनं मोजलं की सूत्र खरं ठरतं, आणि कोपऱ्यातले ब्लॉक त्या आतल्या कडेला लागतच नाहीत. परिमिती म्हणजे नेमकी कुठली कड, हा प्रश्न फळ्यावर सहसा उठत नाही, कारण खडूच्या रेषेला आत-बाहेर नसतं.

आता साहित्य. ब्लॉक लोकरीचेच द्या. हे गंमत म्हणून सांगत नाही. ब्लॉक मोजून द्यायचे तर क्रिएटिव्ह मोड चालत नाही, कारण तिथे ब्लॉक संपतच नाहीत. सर्व्हायव्हल मोड घ्यावा लागतो आणि काठिण्यपातळी 'पीसफुल' ठेवावी लागते, म्हणजे राक्षस येत नाहीत आणि भूक लागत नाही. पण सर्व्हायव्हलमध्ये दगडाचा ब्लॉक नुसत्या हातानं फोडला तर तो परत मिळत नाही, नाहीसाच होतो. टिकावानं फोडला तर साध्या दगडाऐवजी ओबडधोबड दगड हाती येतो. काच तर फुटली की गेलीच. म्हणजे चुकीच्या जागी ठेवलेला एक ब्लॉक काढला की ६४ चे ६३ झाले, आणि पुढचा सगळा हिशेब बिघडला. लोकर हातानं फोडता येते, लगेच परत मिळते, आणि तिचे सोळा रंग आहेत. प्रत्येक जोडीला वेगळा रंग द्या, म्हणजे कोणी शेजाऱ्याचे ब्लॉक उचलले किंवा जमीन खणून मातीचे ब्लॉक भिंतीत घुसवले तर लांबूनही दिसतं. ती माती खणतातच, गृहीत धरा. मोजणीत फक्त लोकर धरायची. फोडलेले ब्लॉक खाली पडण्याचं सेटिंग चालू आहे ना, हेही एकदा तपासा. ते बंद असेल तर लोकरही परत येत नाही.

खेळाच्या शाळांसाठीच्या शैक्षणिक आवृत्तीत सर्व्हायव्हलमध्येही मुलांना उडण्याची परवानगी देता येते. ती द्या, नाहीतर वरून बघताच येत नाही आणि उंच बांधकामाला शिडी करण्यात वेळ जातो. दिवस-रात्रीचं चक्र थांबवा. खेळातला पूर्ण दिवस खऱ्या २० मिनिटांचा असतो, म्हणजे तासाच्या ऐन मध्यावर अंधार पडतो.

जग सपाट निवडा आणि प्रत्येक जोडीला १६×१६ चा भूखंड आखून द्या, मध्ये तीन ब्लॉकांची वाट. पंधरा जोड्यांना पाच गुणिले तीन अशी मांडणी केली तर ९२×५४ ची जागा पुरते. आणि तास सुरू होण्याआधी जगाची एक प्रत काढून ठेवा. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या सरकारी भूमापन संस्थेनं आख्खा देश एकास एक प्रमाणात माइनक्राफ्टमध्ये उभा केला होता. तिथे सुरुंग लावायला बंदी होती, पण सुरुंग भरलेली खाणगाडी बंद करायची राहून गेली, आणि खेळाडूंनी तेवढ्यावर काही भाग उडवून दिले. वर्गातली मुलंही अशीच फट शोधतात. कोणत्या वस्तू बंद करायच्या याची यादी करत बसण्यापेक्षा पेटीत लोकरीखेरीज काही न ठेवणं बरं.

चाळीस मिनिटांचा तास असेल तर बांधायला खरी वीसच मिनिटं मिळतात. लॉगिन आणि जोडणीत पाच-सात जातात, वहीतल्या हिशेबाला सात-आठ द्यावी लागतात, आणि शेवटची किमान सहा-सात मिनिटं पडदा बंद करून बोलायची. शेवटचा भाग कधीही कापू नका. कापायचंच असेल तर बांधकाम कापा. वहीतला अंदाज आधी लिहून घेतल्याशिवाय संगणकाला हात लावू द्यायचा नाही, कारण एकदा पडदा उजळला की वही कोणी उघडत नाही. एका संगणकावर दोघं बसवा: एकाच्या हाती माउस, दुसऱ्याच्या हाती वही, आणि सात मिनिटांनी अदलाबदल. अदलाबदलीची वेळ झाल्याचं तुम्हीच सांगा, नाहीतर खेळात तरबेज असलेलं मूल माउस सोडत नाही. ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेलाच नाही त्यांना एका हातानं चालणं आणि दुसऱ्या हातानं बघणं जमायला एक आख्खा तास लागतो. तो पहिला तास मोकळा सोडा, त्यात काही शिकवू नका. काहींना गरगरतं, चालताना कॅमेरा डुलतो ते सेटिंग बंद केलं की बऱ्याच जणांना बरं वाटतं.

सगळे संगणक एकाच जगात आणण्याची जोडणी बिघडते ती बहुधा तीन कारणांनी. एखाद्या संगणकावर खेळाची आवृत्ती जुनी असते. किंवा शाळेच्या वायफायवर एका यंत्राला दुसऱ्याशी बोलू न देण्याची सोय चालू असते. इंटरनेट उत्तम चालतं, पण कोणीच कोणाच्या जगात शिरू शकत नाही. किंवा ज्या संगणकावर जग उघडलं आहे तिथे कोणीतरी खेळ बंद करतं आणि सगळा वर्ग बाहेर फेकला जातो. म्हणून जग शिक्षकाच्याच संगणकावर उघडायचं, आणि झाकण मिटलं की तो झोपी जाणार नाही हे बघायचं.

निर्देशकांसाठी हा खेळ चांगला आहे, पण पाठ्यपुस्तकाशी त्याचं जमत नाही. इथे वाय म्हणजे उंची. जमिनीवरचे दोन अक्ष एक्स आणि झेड. एक्स पूर्वेकडे वाढतो, झेड दक्षिणेकडे. म्हणजे उत्तरेकडे चालू लागलं की झेड कमी होतो. त्यात सपाट जगाची जमीन हल्लीच्या आवृत्त्यांत उणे ६० च्या आसपास असते, त्यामुळे पहिल्याच मिनिटाला "सर, आपण जमिनीखाली आहोत का?" असं कोणीतरी विचारतं. फळ्यावर तीन बाण काढून ठेवा. आणखी एक फसगत म्हणजे ब्लॉक ही जागा आहे, बिंदू नाही. उणे ३ पासून ३ पर्यंत अंतर ६, पण ब्लॉक ७. कर्णाचीही तीच गत. १०×१० च्या चौरसाच्या कर्णावर दहाच ब्लॉक बसतात, म्हणून मुलं कर्णाची लांबी १० सांगतात. खरी आहे सुमारे १४.१. फळ्यावर हे समजवायला वेळ लागतो, इथे मोजणी आपोआप चुकते आणि मग बोलता येतं.

कोडिंगसाठी शैक्षणिक आवृत्तीत 'एजंट' नावाचा छोटा यंत्रमानव असतो. तो काहीच ठेवत नाही अशी तक्रार आली तर दहापैकी नऊदा त्याच्या पहिल्या खणात ब्लॉकच नसतो. दुसरी चूक आपल्या ओळखीची आहे: "ब्लॉक ठेव, पुढे जा" हे दहा वेळा, मग वळ, आणि हे सगळं चार वेळा. मुलांना दहाचा चौरस हवा असतो, मिळतो अकराचा, ४० ब्लॉकांचा. तो कोपरा पुन्हा.

रेडस्टोनबद्दल, म्हणजे खेळात तारेसारखा संकेत वाहून नेणाऱ्या लाल भुकटीबद्दल, थोडक्यात. तिच्यातून तर्काची मंडळं बांधता येतात. दोन खटके एकाच तारेला जोडले की 'किंवा' होतं, रेडस्टोनची मशाल लावली की 'नाही' होतं, आणि तीन मशालींत 'आणि' जमतं. संकेत १५ ब्लॉकांपुढे जात नाही, मध्ये रिपीटर, म्हणजे संकेत पुन्हा जोरदार करणारा ब्लॉक, लागतो. शेजारी-शेजारी टाकलेल्या दोन तारा आपण होऊन जुळतात, म्हणून मध्ये एक ब्लॉक मोकळा ठेवायचा. मंडळं न चालण्याचं हे सगळ्यांत मोठं कारण.

विज्ञानाच्या तासाला मात्र हा खेळ धादांत खोटं बोलतो, आणि ते खोटंच कामाला लावावं. वाळू-खडी खाली पडते, पण दगड हवेत तसाच लटकतो. खेळाडूच्या सामानात ३६ खण, प्रत्येकात ६४ ब्लॉक, म्हणजे २३०४ घनमीटर दगड खांद्यावर. ग्रॅनाइटचा घनमीटर साधारण २.७ टन धरा आणि गुणाकार मुलांकडून करून घ्या: सहा हजार टनांच्या वर जातो. काय काय खोटं आहे याची यादी करायला लावली, तर घनता आणि गुरुत्व या दोन्हींवर पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा जास्त बोलणं होतं.

इतिहासातल्या वास्तू हुबेहूब बांधायला लावणं मला पटत नाही. तीन तास खिडक्यांत जातात आणि इतिहास पाच मिनिटांत उरकला जातो. अपूर्णांकांसाठीही नको, तिथे कागदाची घडी जास्त उपयोगी. जे काम लाकडी ठोकळ्यांनी दहा मिनिटांत होतं ते तसंच करावं.

गुण कशाला द्यायचे, हा याच प्रश्नाच्या पोटातला प्रश्न. दिसण्याला देऊ नका. आधी वहीत लिहिलेला आकडा, बांधल्यावर मोजलेला आकडा, आणि दोन्हींत फरक का पडला याची तीन वाक्यं. आकडे जुळले आणि वाक्यं नसली तर गुण अर्धेच.

परवाना घेणं शक्य नसेल किंवा संगणक जुने असतील, तर लुआंटी नावाचं तसंच ठोकळ्यांचं सॉफ्टवेअर आहे. आधी त्याचं नाव माइनटेस्ट होतं, २०२४ मध्ये बदललं. ते मोफत आहे, त्याचा मूळ कोड खुला आहे, आणि इंटरनेट नसतानाही शाळेच्या अंतर्गत जाळ्यावर चालतं. खेळाचा संच मात्र वेगळा उतरवून घ्यावा लागतो, तो आदल्या दिवशीच घ्या. तिथे एका खणात ९९ ब्लॉक मावतात, म्हणून ६४ मोजूनच द्यावे लागतील. आणि तिथे झेड उत्तरेकडे वाढतो, त्यामुळे माइनक्राफ्टसाठी फळ्यावर काढलेला झेडचा बाण पुसून उलटा काढावा लागतो.