तुम्ही विचारलंत म्हणून : कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाताना शिष्यवृत्ती मिळते का?

न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सार्वजनिक कॉलेजात, मी गणित शिकवते. एडिसन आणि आसपासच्या गावांतले मराठी पालक मला अनेक वर्षे एकच प्रश्न विचारत आले आहेत: मुलाने पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात काढली आणि तिसऱ्या वर्षी तो विद्यापीठात गेला, तर त्याला शिष्यवृत्ती मिळते का, की ती शाळेतून थेट विद्यापीठात जाणाऱ्यांसाठीच राखलेली असते? हा प्रश्न बहुधा मंडळाच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत आणि हलक्या आवाजात विचारला जातो, कारण कम्युनिटी कॉलेजात गेला म्हणजे मुलगा मागे पडला, असा समज आपल्याकडे अजून टिकून आहे. माझ्या वर्गात बसणारी मुले मी रोज पाहते, त्यामुळे हा समज मला मुळीच मान्य नाही.

शिष्यवृत्ती मिळते. मात्र तिची तयारी विद्यापीठाचा अर्ज भरताना करून भागत नाही. ती कम्युनिटी कॉलेजातल्या पहिल्या सत्रापासून, आणि न्यू जर्सीत तर शाळेत असतानाच, सुरू करावी लागते. बहुतेक विद्यापीठे गुणवत्तेवरच्या मोठ्या रकमा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवतात आणि तिसऱ्या वर्षी येणाऱ्यांच्या वाट्याला त्यातला लहान हिस्सा येतो, ही वस्तुस्थिती आहे. परंतु तो लहान हिस्सा मागायला येणारेही थोडेच असतात, कारण असे काही असते हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

आमच्या राज्यापुरते सांगायचे तर ‘एनजे स्टार्स’ ही योजना २००४ सालापासून चालू आहे. हायस्कूलच्या अकरावीच्या किंवा बारावीच्या अखेरीस जो विद्यार्थी आपल्या वर्गाच्या वरच्या १५ टक्क्यांत असतो, त्याचे आपल्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कम्युनिटी कॉलेजातले शिक्षणशुल्क, इतर अनुदाने वजा जाता, राज्य भरते. त्याने ३.२५ किंवा त्याहून अधिक जीपीए (चारपैकी सरासरी गुण) राखून असोसिएट पदवी, म्हणजे कम्युनिटी कॉलेजाची दोन वर्षांची पदवी, पूर्ण केली आणि कुटुंबाचे उत्पन्न २,५०,००० डॉलरच्या आत असले, तर राज्यातल्या चार वर्षांच्या विद्यापीठात गेल्यावर ‘एनजे स्टार्स टू’मधून प्रत्येक सत्राला १,२५० डॉलरपर्यंत मिळू शकतात. या उत्पन्नमर्यादेकडे मी पालकांचे मुद्दाम लक्ष वेधते, कारण ‘आम्ही दोघेही नोकरी करतो, आम्हाला कोण देणार’ असे म्हणून अर्जच न करणारी घरे मी बरीच पाहिली आहेत. मात्र पदवी पूर्ण करण्याची अट काटेकोर आहे. तीन सत्रांनंतर घाईने विद्यापीठ गाठणारा विद्यार्थी हा हक्क गमावून बसतो.

पदवी पूर्ण करा, असा आग्रह मी धरते त्याला दुसरेही कारण आहे आणि ते पैशांच्या दृष्टीने अधिक मोठे आहे. २००७ साली न्यू जर्सीत झालेल्या, लॅम्पिट कायदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यामुळे इथल्या कम्युनिटी कॉलेजातून ‘एए’ (कला) किंवा ‘एएस’ (विज्ञान) ही असोसिएट पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याची क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांना पदवीच्या हिशेबात धरावी लागतात. थेट नोकरीसाठी आखलेल्या ‘एएएस’ पदवीला हे संरक्षण नाही, आणि हा फरक प्रवेशाच्या दिवशी विचारून घ्यायला हवा. शिवाय क्रेडिट्स धरली म्हणजे हव्या त्या विषयात प्रवेश मिळाला असे होत नाही. इंजिनिअरिंगला किंवा बिझनेसला जायचे तर कोणते गणित आणि कोणते भौतिकशास्त्र आधी व्हायला हवे, हे पहिल्याच सत्रात पाहावे लागते. पंधरा क्रेडिट्स वाया गेली तर विद्यापीठात एक सत्र वाढते. रटगर्स या राज्याच्या विद्यापीठाच्या न्यू ब्रन्सविकच्या आवारात राज्यातल्या रहिवाशांसाठी एका सत्राचे शुल्क नऊ हजार डॉलरच्या आसपास जाते. इतकी रक्कम शिष्यवृत्त्यांतून उभी करायची म्हटली तर किती अर्ज करावे लागतील, याचा विचार करून पाहावा.

आता गुणवत्तेकडे येते. दोन वर्षांच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांसाठी ‘फाय थीटा कॅपा’ नावाची एक सन्मानसंस्था आहे. ती १९१८ सालापासून अस्तित्वात आहे आणि साधारणपणे ३.५ जीपीए झाला की तिचे निमंत्रण येते. ते ईमेलने येते, त्यात सभासदशुल्क मागितलेले असते, आणि म्हणून मुले ते फसवणुकीचे समजून पुसून टाकतात. ते शुल्क जरूर भरावे. अडचण असेल तर कॉलेजातल्या शाखेच्या सल्लागार प्राध्यापकांना भेटावे. कारण देशभरातल्या अनेक विद्यापीठांनी या संस्थेच्या सभासदांसाठी वेगळ्या ट्रान्सफर शिष्यवृत्त्या ठेवलेल्या आहेत आणि त्यांतल्या काहींसाठी सभासदत्वाखेरीज फारसे काही लागत नाही. सर्वांत मोठी रक्कम जॅक केंट कुक फाउंडेशनची आहे: कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ५५,००० डॉलरपर्यंत. ती देशभरातून मोजक्यांनाच मिळते, तरीही तिचा अर्ज भरण्याचा सल्ला मी चांगल्या विद्यार्थ्यांना देते. त्या अर्जासाठी केलेले लेखन पुढच्या सगळ्या अर्जांना उपयोगी पडते.

या लेखनाबद्दल मला थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण आपली मुले नेमकी इथे कमी पडतात. स्वतःबद्दल लिहिणे म्हणजे स्वतःची टिमकी वाजवणे, असे त्यांना वाटते, आणि म्हणून ती बक्षिसांची यादी देऊन मोकळी होतात. माझ्या एका विद्यार्थिनीचा पहिला मसुदा असाच होता: गणित स्पर्धेतील क्रमांक, भरतनाट्यमच्या परीक्षा, ग्रंथालयातले स्वयंसेवी काम. बोलता बोलता कळले की तिची आई घरून डबे पुरवते आणि त्याचा सगळा हिशेब ही मुलगी वहीत ठेवते. त्या वहीत तिने दर आठवड्याचे पीठ, तेल, भाजी आणि पेट्रोल वेगवेगळे मांडले होते, आणि लांबच्या दोन गावांना डबे पोचवण्यात तोटा होतो हे आईला आकड्यांनिशी दाखवून दिले होते. अर्जात त्यातले एक अक्षरही नव्हते, कारण तिच्या मते ते घरचे काम होते. तिने निबंध त्या वहीवर लिहिला आणि कॉलेजच्या फाउंडेशनची शिष्यवृत्ती तिला मिळाली. या फाउंडेशनबद्दलही पालकांना क्वचितच माहिती असते. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना स्वतःचा असा देणगीनिधी असतो, त्यातून पाचशे, हजार, दोन हजार डॉलरच्या शिष्यवृत्त्या निघतात, आणि त्यांतल्या काही खास विद्यापीठात जाणाऱ्यांसाठीच असतात. तिथे स्पर्धा देशभराची नसते, आपल्याच कॉलेजापुरती असते.

शिफारसपत्राचेही तसेच आहे. जो विद्यार्थी माझ्या भेटीच्या वेळेत येऊन बसला, ज्याचे अडलेले गणित माझ्यासमोर सुटले, त्याच्याविषयी मी दोन पाने लिहू शकते. नुसता ‘ए’ मिळवून निघून गेलेल्या विद्यार्थ्याविषयी, तो कितीही हुशार असला तरी, मला लिहिण्यासारखे फार थोडे उरते.

गरजेवर आधारलेली मदत हा वेगळा आणि बहुतेक घरांसाठी अधिक महत्त्वाचा भाग आहे. संघराज्याचे पेल ग्रँट २०२५-२६ या वर्षासाठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे आणि ते आयुष्यभरात मिळून बारा सत्रांइतकेच मिळते; म्हणजे कम्युनिटी कॉलेजात निष्कारण वाढवलेली सत्रे पुढच्या हिश्श्यातून वजा होतात. राज्याची ‘गार्डन स्टेट गॅरंटी’ तर सार्वजनिक विद्यापीठाच्या तिसऱ्या आणि चौथ्या वर्षासाठीच आहे. करविवरणपत्रातले समायोजित एकूण उत्पन्न (एजीआय) ६५,००० डॉलरच्या आत असलेल्या पात्र कुटुंबांना त्या दोन वर्षांचे शिक्षणशुल्क आणि आवश्यक फी भरावी लागत नाही. या सगळ्यासाठी फॅफ्सा हा संघराज्याचा आर्थिक मदतीचा अर्ज दर वर्षी भरावा लागतो आणि त्यात नव्या विद्यापीठाचे नाव घालावे लागते. यात एक खाच आहे. ज्याला आधीच राज्याचे ट्यूशन एड ग्रँट (शिक्षणशुल्कासाठीचे गरजेवरचे अनुदान) मिळाले आहे, तो विद्यापीठात नवा असला तरी राज्याच्या लेखी जुनाच असतो, आणि जुन्यांसाठी मुदत १५ एप्रिलला संपते.

विद्यापीठाकडून मदतीचे पत्र येते, तेव्हा पालक बहुधा तळाची बेरीज पाहून खूश होतात. ते पत्र ओळीने वाचायला हवे. त्यात ग्रँट आणि स्कॉलरशिप या फेडाव्या न लागणाऱ्या रकमा असतात, त्यांच्याच खाली कर्जे असतात, आणि ‘वर्क स्टडी’ म्हणून दाखवलेली रक्कम मुलाने आवारात काम केले तरच हाती येते. पहिल्या दोनच ओळींची बेरीज करावी आणि शिष्यवृत्ती एका वर्षाची आहे की दोन, ती टिकण्यासाठी किती जीपीए लागतो, आणि बाहेरची शिष्यवृत्ती मिळाल्यास विद्यापीठ आपले अनुदान कमी करते का, हे लेखी विचारावे. फॅफ्सा दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरतो. मधल्या काळात नोकरी गेली असेल, आणि आपल्या आयटीतल्या घरांवर ही वेळ अलीकडे पुष्कळदा आली आहे, तर विद्यापीठाच्या फायनान्शियल एड कार्यालयाकडे कागदपत्रांसह फेरविचार मागता येतो. त्यात कमीपणा वाटून घेण्याचे काहीही कारण नाही.

ज्यांची मुले एच-फोर व्हिसावर, म्हणजे पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, आहेत त्यांना मी आधीच स्पष्ट सांगते की पेल ग्रँट आणि संघराज्याची इतर मदत त्यांना मिळत नाही. अशा मुलांनी सगळा भर विद्यापीठांच्या गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्त्यांवर आणि नागरिकत्व न विचारणाऱ्या खासगी निधींवर द्यावा. त्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण नेमकी याच वेळी उभी राहते: विद्यापीठात जाण्याच्या सुमारास ती एकवीस वर्षांची होतात आणि तोवर ग्रीन कार्ड आले नसेल तर त्यांना बहुधा विद्यार्थी व्हिसावर जावे लागते. ज्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क वेगळे धरले जाते, तिथे आधी दिलेली शिष्यवृत्ती व्हिसा बदलल्यावर टिकते का, हे प्रवेश स्वीकारण्यापूर्वी विचारून घ्यायलाच हवे.

कधीकधी मुलाविषयी विचारून झाल्यावर आई स्वतःबद्दल विचारते, आणि तेव्हा मला विशेष आनंद होतो. मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ कॉलेजात ‘एडा कॉमस्टॉक’ आणि माउंट होलिओक कॉलेजात ‘फ्रान्सिस पर्किन्स’ या नावाचे कार्यक्रम अर्धवट राहिलेले पदवीशिक्षण वय वाढल्यावर पूर्ण करू पाहणाऱ्या स्त्रियांसाठीच आहेत. कम्युनिटी कॉलेजातली क्रेडिट्स घेऊन तिथे जाता येते आणि त्यासाठी आर्थिक मदतही मिळू शकते. त्यांची प्रवेशप्रक्रिया नेहमीच्या ट्रान्सफरहून वेगळी असल्यामुळे चौकशी थेट त्या कार्यक्रमाच्या प्रवेश कार्यालयाकडेच करावी.