कळंगुटची पांढरी चादर

खोलीची किल्ली हातात आली की मी सामान दारातच ठेवते, पलंगाच्या डोक्याकडची चादर कोपऱ्यातून उचलते आणि गादीची शिवण बघते. नवऱ्याला हे अजिबात आवडत नाही. रूमबॉय समोर उभा असेल तर तो चक्क बाहेर गॅलरीत निघून जातो. पण आमच्या लेकाला दमा आहे. दम्याच्या मुलाला घेऊन प्रवास करणाऱ्या बाईला खिडकीतून समुद्र किती दिसतो याच्याशी काही देणंघेणं नसतं, तिला उशीचा वास घ्यायचा असतो.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघालो. आईला कवळ्याला शांतादुर्गेची ओटी भरायची होती आणि लेकाला समुद्र हवा होता, म्हणून आधी कळंगुट आणि मग फोंडा असं ठरलं. कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा हा नेहमीचा रस्ता. आंबोलीत चहा-भजी झाली. घाटाबद्दल सगळे लिहितात, मी लिहीत नाही.

हॉटेलचं नाव लिहिणार नाही, कारण हे एका हॉटेलचं दुखणं नाही. लॉबी झकास होती. गुळगुळीत फरशी, काचेच्या भांड्यात पाण्यावर तरंगणारी फुलं, आल्याआल्या कोकम सरबत. खोलीत पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवलेला आणि खाली पांढरीशुभ्र चादर. लेक हंसावर झेप घेणार तोच मी त्याला मागे ओढलं आणि कोपरा उचलला. चादरीखालचं गादीचं कव्हर पिवळट पडलं होतं, मध्यभागी कधीतरी काहीतरी सांडून वाळल्याचा मोठा डाग. आणि शिवणीत, पेनची शाई झिरपावी तसे काळे बारीक ठिपके.

हे ठिपके म्हणजे ढेकणांची विष्ठा. दिवसा ढेकूण दिसत नाही. गादीची शिवण, पलंगाच्या फळ्यांचे सांधे, डोक्याकडच्या फळीमागची फट अशा जागी तो दडून बसतो आणि रात्री बाहेर येतो. रक्त न पिताही तो कित्येक महिने तग धरतो, त्यामुळे 'ही खोली बरेच दिवस बंदच होती' या वाक्याने माझं समाधान होत नाही. ढेकूण अस्वच्छ घरातच होतात असंही नाही, ते चांगल्या घरच्या पाहुण्याच्या बॅगेतूनही येतात. म्हणून हॉटेलात ढेकूण सापडला याचा मी राग धरत नाही. ठिपके इतके जमेपर्यंत कुणी ती गादी उलटून पाहिली नाही, याचा राग येतो. चादर बदलणाऱ्याला ती शिवण रोज दिसायला हवी.

मॅनेजर वर आले. भला माणूस, आवाज चढवला नाही. म्हणाले, "मॅडम, गोव्यात हवा दमट असते, पावसाळ्यानंतर थोडा त्रास होतोच." दमट हवेचं खरं आहे. चार महिने धो धो पाऊस, जांभ्या दगडाच्या भिंती पाणी शोषतात, गिऱ्हाईक कमी म्हणून खोल्या बंद राहतात, गाद्या ओल धरतात, कपाटाच्या मागच्या बाजूला बुरशी येते. धुळीतल्या किड्यांना अशीच दमट हवा मानवते आणि माझ्या मुलाची छाती त्यांच्यामुळेच वाजायला लागते. पण उशीच्या अभ्ऱ्यावरचा लांब केस दमट हवेने येत नाही. पाण्याच्या ग्लासला आतून धरलेला पांढरा थरही नाही. आणि कुबट वास झाकायला खोलीत जो लिंबाच्या वासाचा फवारा मारला होता, त्याने लेकाला पाच मिनिटांत खोकला सुरू झाला. फवारा मारला की खोली स्वच्छ झाली, ही समजूत हॉटेलवाल्यांच्या डोक्यातून कधी जाणार आहे? स्वच्छ खोलीला वासच नसतो. फार तर उन्हात वाळलेल्या कापडाचा येतो.

खोली बदलून मिळाली. दुसरीची गादी नवी होती, शिवण कोरी. एसीची जाळी मी काढायला लावली, ती काळी निघाली. धुऊन आणली. आईने पायाशी घडी घालून ठेवलेली ती जाड रंगीत पट्टी आणि ब्लँकेट दोन्ही खुर्चीवर टाकली आणि घरची चादर अंथरली. चादर दर गिऱ्हाइकाला बदलतात, पण ब्लँकेट आणि ती शोभेची पट्टी बहुतेक ठिकाणी बदलत नाहीत, हे तिला चांगलं ठाऊक आहे.

हे सगळं मी तिथेच विसरले असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही.

समोरच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि एक पोरगा आत साफसफाई करत होता. विशीतला असेल. आधीच्या गिऱ्हाइकाने वापरून टाकलेला टॉवेल त्याच्या हातात होता. त्या टॉवेलने त्याने आधी बेसिन पुसलं. मग कमोडची सीट पुसली, वरून आणि खालून. मग नळ, मग आरसा. बाहेर आला, टीव्हीखालचं टेबल पुसलं. तिथे ट्रेमध्ये चहाचे दोन कप आणि दोन ग्लास होते. त्याने कप बेसिनच्या नळाखाली हाताने विसळले, त्याच टॉवेलने आतून कोरडे केले आणि ट्रेमध्ये पालथे घातले. ग्लासांचंही तसंच. शेवटी ग्लासांवर कागदाच्या टोप्या चढवल्या. निर्जंतुक असल्याची ग्वाही देणाऱ्या छापील टोप्या.

माझ्या तोंडात आदल्या संध्याकाळच्या चहाची चव परत आली.

मी दारात जाऊन उभी राहिले. त्याला वाटलं काही हवंय. "काय पायजे ताई?" त्या एका वाक्यावरून तो आमच्याच बाजूचा असणार हे कळलं. चंदगडचा निघाला. चंदगडची बरीच पोरं गोव्यात हॉटेलांत कामाला असतात, घाट उतरला की गोवाच. मी म्हटलं, "अरे, ज्या फडक्याने कमोड पुसलास त्यानेच कप?" तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "चौदा खोल्या हैत ताई माझ्याकडं. नऊला सुरू करायच्या आन् एकला द्याच्या. फडकी देत न्हाईत, म्हंतात टॉवेल वापर."

मी तिथल्या तिथे हिशेब केला. चार तास, चौदा खोल्या. एका खोलीला सतरा मिनिटं. सतरा मिनिटांत पलंग उतरवून परत लावायचा, बाथरूम घासायचं, धूळ पुसायची, लादी पुसायची, कचरा काढायचा, साबण-टॉवेल ठेवायचे आणि हंस बनवायचा. घरी स्वतःची एक खोली आणि बाथरूम नीट करायला मला अर्ध्या तासाच्या वर लागतो, तोही कुणी समुद्रावरची वाळू आणून सांडलेली नसताना. त्या पोराच्या जागी मी असते तरी मला ते जमलं नसतं. त्याला हंस करायला शिकवलं होतं. कपांचं फडकं वेगळं, बेसिनचं वेगळं आणि कमोडचं वेगळं, हे कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तरी फडकी कुठून आणणार? लॉबीतल्या फुलांना रोज पैसे आहेत आणि डझनभर फडक्यांना नाहीत.

मॅनेजरकडे मी पुन्हा गेले, पण पोराबद्दल बोलले नाही. त्याची नोकरी जायची आणि त्याच्या जागी दुसरा येऊन तेच करायचा. मी फडकी मागितली. म्हटलं, रंगीत फडकी आणा, लाल फक्त संडासाला, निळं बेसिनला, कपांचं आणखी वेगळं, आणि कप खोलीत धुवायचे नाहीत, खाली स्वयंपाकघरात न्यायचे. "सूचना नोंदवून घेतो," म्हणाले. गोव्यात हॉटेल चालवायला पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, त्यासाठी १९८२ पासून कायदा आहे, आणि इथेही नोंदणीचा कागद चौकटीत लावलेला होता. तो कागद त्या कपापर्यंत पोहोचत नाही. तिथे पोहोचायला मालकानेच सकाळी दहा वाजता उघड्या दारात उभं राहायला हवं.

किनारा, मासे, म्हापशाचा बाजार, सगळं झालं. बांगडा ताजा होता. पुढे.

कवळ्याला अग्रशाळेत उतरलो. पोर्तुगिजांच्या काळात देवी केळशीहून इथे आली, भाविक चहूकडे पांगले, आणि देवीच्या पायाशी आलेल्या माणसाला रात्री टेकायला जागा हवी म्हणून अग्रशाळा. फोंड्याच्या बहुतेक मोठ्या देवळांना त्या आहेत. खोली म्हणजे दोन खाटा, कापसाच्या गाद्या, एक खुंटी, एक पंखा. भिंतीचा रंग एका ठिकाणी पोपडे धरून सुटलेला. बाथरूमचं दार पावसाने फुगलेलं, उचलून लावावं लागत होतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा खोली तयार नव्हती. काम करणाऱ्या बाईने उंबऱ्यावरच अडवलं. "मातशें रावात, लादी सुकूंदी." प्रवासाने आंबलेली आई काही बोलणार होती, पण त्या बाईने पायऱ्यांवर सतरंजी टाकली आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला, मग आई निमूट बसली. मी बघत होते. बाई दोन बादल्या घेऊन पुसत होती, एकीत फडकं पिळायची, दुसरीत स्वच्छ पाणी. दुसरीतलं पाणी गढूळ झालं की बाहेर माडाच्या आळ्यात ओतून नवं आणायची. बाथरूमचा खराटा मागच्या भिंतीला टांगलेला, खोलीची केरसुणी वेगळी. अंगणात कठड्यावर गाद्या ऊन खात पडलेल्या. निव्वळ उन्हाने ढेकूण मरेलच असं नाही, गादीच्या पोटात पन्नास अंशांच्या वर उष्णता शिरावी लागते. पण ओल जाते, आणि गादी रोज हाताखालून गेली की शिवणीतला ठिपका दुसऱ्याच दिवशी दिसतो. खोली मिळायला अर्धा तास लागला असेल. लेक रात्रभर शांत झोपला, पंप पिशवीतून काढावाच लागला नाही.

म्हणून देवस्थानात सगळीकडे असंच असतं असं कुणी समजू नये. फोंडा तालुक्यातच एके ठिकाणी मागे आम्ही संडासाची दशा बघून रात्रीच बाहेर पडलो होतो. आणि तिथे दोष येणाऱ्यांचाही होता. कमोडमध्ये बाळाचं डायपर टाकणारे, कोपऱ्यात तंबाखूची पिंक टाकणारे, पलंगावर वर्तमानपत्र पसरून मासे खाणारे आणि ओले कपडे गादीवर वाळत घालणारे आपलेच लोक असतात. 'पैसे मोजलेत ना' म्हणत हे करतात. मोजलेले पैसे त्या साफ करणाऱ्या बाईच्या हातात जात नाहीत, तिच्या हातात डायपर जातं. हे मी आमच्या नातेवाइकांच्या तोंडावरही बोलले आहे, आणि एक घर त्यावरून आमच्याकडे यायचं थांबलं आहे. थांबू दे.

परतण्याआधी पाळोळ्याला एक दिवस जाऊन आलो. किनाऱ्यावरच्या लाकडी-बांबूच्या खोपट्या पावसाळ्याआधी उतरवतात आणि मोसम सुरू होताना नव्याने उभ्या करतात. आम्ही गेलो तेव्हा ठोकाठोक चालू होती. मी एकाला विचारलं, गाद्या पावसाळाभर कुठे असतात? त्याने हसून गोदामाकडे बोट दाखवलं. तिथे मुक्काम करायचा आमचा बेत नव्हता, आणि ते गोदाम पाहिल्यावर तो झालाही नाही.

आता खोली घेताना मी तारे बघत नाही आणि फोटो तर नाहीच नाही. फोन करून एवढंच विचारते की आधीचं गिऱ्हाईक किती वाजता निघतं, आम्हाला खोली किती वाजता मिळेल, आणि मधल्या वेळात ती कोण करतं. "केव्हाही या, खोली लगेच देतो," असं उत्तर आलं की मी फोन ठेवते. डिसेंबरात पुन्हा जायचंय, आईची ओटी आता दरवर्षी व्हायची आहे. काल दक्षिणेकडच्या एका घरगुती गेस्टहाउसच्या बाईंशी बोलले. त्या जरा फटकळच होत्या: "बारा वाजता जमणार नाही हां. माझी बाय अकराला येते, तिच्याकडे तीनच खोल्या आहेत आणि ती घाई करत नाही. दोनच्या आधी यायचं नाही." भाडं कळंगुटपेक्षा जास्त आहे. मी लगेच आगाऊ रक्कम पाठवली.